शॉर्ट सर्व्ह टाकताना मनगटाकडे लक्ष दिलं की शटल नेटमध्ये, नाही दिलं की बरोबर. हे काहून होते?

त्रिमूर्तीनगरचा_शटलर

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा येडपट वाटेल पण इथे खेळणारे, शिकवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारून राहिलो. मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी त्रिमूर्ती नगरकडच्या एका हॉलमध्ये बॅडमिंटन डबल्स खेळतो. आमचा ग्रुप म्हणजे सगळे चाळिशीतले, वरून दोन-तीन रिटायर्ड काका, अन् ते काकाच सगळ्यात डेंजर, जागचे हलत नाहीत पण नेटवर आलेलं शटल सोडत नाहीत. माझा खेळ तसा ठीकठाक आहे, मागून स्मॅश बसतो, पळतो पण बऱ्यापैकी. घोडं अडते ते बॅकहँड शॉर्ट सर्व्हवर, म्हणजे नेटच्या जरा वरून जाऊन पलीकडे जवळच पडणाऱ्या सर्व्हवर.

आधी माझी सर्व्ह साधीच होती पण जात होती. मग ग्रुपने मिळून एक कोच लावला, पोरगा चांगला आहे, स्वतः भरपूर खेळलेला. त्याने माझ्या सर्व्हचं पूर्ण पोस्टमॉर्टम करून दिलं, म्हणजे अंगठा ग्रिपच्या रुंद बाजूवर, कोपर अंगापासून थोडं दूर, मनगट लॉक, शटल पिसांच्या टोकाला दोन बोटांत धरायचं, अन् फटका मारायचा नाही तं फक्त बोटं आवळून ढकलायचं. ऐकताना सगळं पटते. पण आता मी सर्व्हला उभा राहिलो की डोक्यात तेच, मनगट मनगट मनगट, अन् शटल एकतर नेटच्या पांढऱ्या पट्टीत जाऊन टपकते नाहीतर असं वर तरंगत जाते की समोरच्या काकांनी चहा पिऊन येऊन मारलं तरी चालते.

खरी गंमत पुढे आहे. मधेच कोणी विचारलं, "अरे उद्या हॉल बंद आहे का", अन् मी "नाही बे, चालू आहे" म्हणत म्हणत सर्व्ह टाकली तं ती पट्टीला घासून बरोबर टीवर, म्हणजे पुढची अन् मधली रेघ मिळते तिथे पडते! लक्ष दिलं की बिघडते अन् नाही दिलं की जमते, मग लक्ष द्यायचंच नाही का? का दुसऱ्या कशाकडे द्यायचं? बायको म्हणते तुम्ही विचार जास्त करता, पण ते तं ती सगळ्याच बाबतीत म्हणते. यामागचं काही शास्त्र माहीत असेल तं सांगा, मोटिवेशनल नको.

पीटी_वाल्या_मॅडम

दादा, येडपट अजिबात नाही, यावर पंचवीसेक वर्षांपासून लोक भांडून राहिले आहेत. मी शाळेत पीटी शिकवते, एमपीएडला (पीटीच्या मास्टर्स डिग्रीला) हा विषय होता म्हणून थोडं डोक्यात आहे.

तुमचा प्रश्न लक्ष द्यायचं की नाही असा आहे, पण खरा प्रश्न लक्ष कुठे द्यायचं हा आहे. स्वतःच्या अवयवाकडे, म्हणजे मनगट, कोपर, गुडघा, याला इंटर्नल फोकस म्हणतात. आणि त्या हालचालीमुळे बाहेर जे घडणार आहे त्याकडे, म्हणजे रॅकेट, शटल, नेटची पट्टी, पडायची जागा, तो एक्स्टर्नल फोकस. गॅब्रिएल वुल्फ नावाच्या संशोधक बाई आहेत, त्या विंडसर्फिंग शिकत होत्या आणि वळण घेताना पाय कसे ठेवू, वजन कुठे टाकू याचा विचार केला की पाण्यात पडायच्या, मग एकदा त्यांनी पायाचा नाद सोडून फक्त बोर्ड किती कलतो इकडे लक्ष दिलं आणि वळण जमायला लागलं. त्यावरून त्यांनी १९९८ साली दोन सहकाऱ्यांबरोबर प्रयोग छापला. स्कीइंगसारखं डावी-उजवीकडे सरकणारं एक मशीन असतं, त्यावर लोकांना उभं केलं. एका गटाला सांगितलं पायाने जोर द्या, दुसऱ्याला सांगितलं पायाखालच्या चाकांवर जोर द्या. आता पाय आणि चाकं यात अंतर किती, काही इंचांचं! तरी चाकांवाले पायवाल्यांपेक्षा चांगले शिकले.

तुमच्या मनगटाची तर हुबेहूब केस आहे. २००५ मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर प्रयोग झाला, काही थ्रो मनगट कसं मोडतं त्याकडे लक्ष देऊन, काही रिंगकडे लक्ष देऊन. रिंगकडे लक्ष असताना नेम चांगला बसला हे तर झालंच, पण हाताला इलेक्ट्रोड लावून स्नायूंची विजेची हालचाल मोजली होती, तर बायसेप्स-ट्रायसेप्समध्ये ती कमी निघाली. म्हणजे कमी जोर लावून जास्त अचूक. मनगटाचा विचार केला की नुसतं मनगट नाही, वरचा पूर्ण हात ताठ होतो.

कारण असं सांगतात की सर्व्हसारखी हालचाल शरीर आपली आपण जुळवून घेत असतं, किती स्नायू, कोण आधी, कोण नंतर, हे सगळं आपल्याला न विचारता. आपण मधे जाऊन मनगटाला ऑर्डर द्यायला लागलो की ती जुळणी अडखळते. २००१ मध्ये याची एक छान तपासणी झाली होती, लोक डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळत उभे असताना मधेच आवाज करायचा आणि त्यांनी बटण दाबायचं. लक्ष बाहेर होतं त्यांनी बटण लवकर दाबलं, म्हणजे तोल सांभाळण्यात त्यांचं डोकं कमी खर्च होत होतं.

आता तुमच्यासाठी. नेट मधोमध १.५२४ मीटर असतं आणि २०१८ पासूनच्या नियमाने शटल १.१५ मीटरच्या खालीच मारावं लागतं, म्हणजे शटलला वर चढून परत उतरायचं आहे. चांगल्या शॉर्ट सर्व्हमध्ये शटलचा सगळ्यात उंच पॉइंट नेटच्या अलीकडे, तुमच्या बाजूला येतो आणि पट्टीवरून जाताना ते उतरायला लागलेलं असतं. लक्ष तिथे ठेवा, पट्टीच्या थोडं अलीकडे, थोडं वर. मनगट राहू द्या त्याच्या जागी.

प्रतापनगर_आयर्न

मॅडम सॉरी पण जिममध्ये हे पूर्ण उलटं आहे बरं का. आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतात मसलमध्ये मन घाल, डंबेल विसर. अन् हे नुसतं जिमवाल्यांचं नाही, २०१८ चा शोनफेल्डचा स्टडी आहे, जिम न केलेली कॉलेजची पोरं घेतली, आठ आठवडे, अर्ध्यांना सांगितलं मसल आवळण्याकडे लक्ष दे, अर्ध्यांना सांगितलं फक्त वजन वर ने. बायसेप्सच्या बाजूची जाडी पहिल्या गटात १२.४ टक्के वाढली, दुसऱ्यात ६.९. जवळजवळ डबल बे! मग कोणाचं खरं मानायचं?

पीटी_वाल्या_मॅडम

दोन्ही खरं, आणि तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं होतं. मसलकडे लक्ष दिलं की मसल जास्त राबतं. तुम्हाला तेच पाहिजे, ते थकलं पाहिजे, फुगलं पाहिजे. सर्व्हवाल्या दादांना बायसेप्स फुगवायचा नाही, शटल पट्टीवरून न्यायचं आहे. तुम्हीच कधी एका रेपमध्ये जास्तीत जास्त वजन उचलायचं असेल तेव्हा बारकडे लक्ष ठेवून बघा. आणि हो, त्याच स्टडीत मांडीच्या स्नायूंत दोन गटांत तसा फरक निघाला नव्हता, ते जिममध्ये कोणी सांगत नाही.

प्रतापनगर_आयर्न

लेग डे कोण करते तसंही 😅

धंतोलीची_फिजिओ

थ्रेड वाचून राहवलं नाही. आमच्या धंद्यात हा विषय रोज समोर असतो आणि आम्हीच सगळ्यात जास्त उलटं वागतो. गुडघा सरळ करा, खांदा खाली, कोपर उघडा, पोट आत, दिवसभर तोंडात हेच. ब्रिटनमध्ये कोणीतरी पॅरालिसिसनंतरच्या हाताच्या ट्रीटमेंटची सेशन्स बसून तपासली होती, फिजिओ पेशंटला काय काय बोलतात ते लिहून काढलं, तर जवळपास सगळं बोलणं शरीराबद्दलच निघालं. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक्सच्या नॅशनलला आलेल्या खेळाडूंना विचारलं तर ८४.६ टक्के म्हणाले की आमचे कोच हात-पाय कसे हलवायचे हेच सांगतात. त्यामुळे शटलर दादा, तुमच्या कोच पोराला एकट्याला दोष नका देऊ, आम्ही सगळे त्याच शाळेतले.

एक पेशंटचं सांगते. काका आहेत, स्ट्रोकनंतर उजवा हात. टेबलवर हात ठेवून बसलेले, मी म्हटलं "काका, कोपर सरळ करा". काकांनी दात आवळले, खांदा कानाला लागला, मान वाकडी, आणि कोपर जिथल्या तिथे. मग त्यांच्या घरचा स्टीलचा पेला समोर ठेवला, अर्धा पाण्याने भरलेला, थोडा लांब, आणि म्हटलं "काका, तेवढा पेला घ्या बरं". हात गेला. पूर्ण नाही गेला, थरथरत गेला, पेल्याच्या अलीकडे थांबला, पण कोपर उघडलं होतं आणि खांदा खाली होता आणि काकांचं स्वतःचं लक्षच नव्हतं की आपण कोपर उघडलं. काकू दारातून बघत होत्या, त्या म्हणाल्या "अहो गेला की हात", आणि लगेच काकांनी हाताकडे पाहिलं आणि तो तिथेच अडकला!

हे माझ्या एका पेशंटवर नका जाऊ, २००२ मध्ये अशा पेशंट्सवर आणि धडधाकट लोकांवर, दोघांवर तपासलेलं आहे. वस्तूबद्दल सूचना दिली, म्हणजे डबा कुठे आहे, केवढा आहे, जड आहे का, तर हात वेगाने आणि सुटसुटीत गेला, हाताबद्दल दिली तर हळू. पार्किन्सनमध्ये तर हे इतकं ढळढळीत दिसतं की नवीन मुलं बघून चकित होतात. पेशंटला "पाऊल मोठं टाका" म्हटलं तर दोन पावलं मोठी आणि मग परत तेच खुरडत, पण फरशीवर रंगीत टेपच्या पट्ट्या चिकटवल्या आणि पट्टी ओलांडा म्हटलं की चालतात.

पण एक आहे, काही वेळा मला पेशंटला तो स्नायू जाणवून द्यावाच लागतो. ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू झोपलेला असतो, तेव्हा मी हात ठेवून सांगते इथे आवळा. स्नायू जागा झाला की मग टॉवेल. गुडघ्याखाली गुंडाळी ठेवायची आणि म्हणायचं टॉवेल दाबा. काम तेच, बोलणं वेगळं.

महालचे_तबलजी

वा, छान चर्चा. मी खेळातला माणूस नाही, चार पोरं घरी तबला शिकायला येतात. आमच्याकडे पहिले काही महिने बोटाशिवाय दुसरं बोलणं नसतं. ना वाजवायचा तर अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेला टेकलेली पाहिजे अन् तर्जनी चाटेवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर पडली पाहिजे, अनामिका उचलली की संपलं, आवाज नुसता टक. हे मी पोराला पट्टी दाखवून दाखवून सांगतो, त्याला मीच सांगणार, तबला थोडी सांगणार आहे. पण एकदा हात बसला की मग बोटाचं नाव काढलेलं मला चालत नाही, मग कान. लय वाढली की जो पोरगा बोटाकडे पाहून राहिला त्याचा तिरकिट अडकलाच समजा, अन् जो आवाजाच्या मागे गेला तो निघून जातो.

संगीताच्या शिक्षणात यावर प्रयोग झालेला वाचला आहे, २०११ चा, म्युझिकच्या विद्यार्थ्यांना कीबोर्डवर एक छोटा तुकडा वाजवायला दिला अन् लक्ष कधी बोटांवर, कधी पट्ट्यांवर, कधी पियानोत तारेवर पडतात त्या आतल्या हातोड्यांवर, कधी आवाजावर ठेवायला लावलं. थोडा बदल करून वाजवायला लावलं तेव्हा सगळ्यात सारखं, एकसुरी अंतराचं कधी वाजलं, तर लक्ष हातोड्यांवर किंवा आवाजावर असताना. म्हणजे जितकं बोटापासून लांब तितकं बरं. आमच्या गुरुजींनी फक्त "ऐक" एवढंच म्हटलं असतं अन् वर एक टप्पल दिली असती, असो.

आकडेमोड

सगळे एका सुरात बोलून राहिले म्हणून थोडा खडा टाकतो, राग नसावा.

पहिलं. नवशिक्यांचं काय? २००२ मध्ये बेलॉक आणि मंडळींनी फुटबॉलच्या ड्रिब्लिंगवर प्रयोग केला. शंकूंमधून बॉल नेताना अधूनमधून विचारायचे की आत्ता पायाची कुठली बाजू बॉलला लागली, म्हणजे लक्ष पायावर ओढून घ्यायचं. दुसऱ्या वेळी मधे मधे शब्द ऐकवून लक्ष भलतीकडे न्यायचं. मुरलेले खेळाडू उजव्या पायाने खेळताना पायाकडे लक्ष गेलं की मंदावले, बरोबर, हेच तुम्ही सगळे सांगून राहिले. पण नवशिके पायाकडे लक्ष असताना चांगले खेळले! आणि त्याहून मजा म्हणजे त्याच मुरलेल्यांना डाव्या पायाने खेळायला लावलं तेव्हा तेही पायाकडे लक्ष असताना सुधारले. म्हणजे तबलजी काका जे म्हणून राहिले, आधी बोट मग कान, त्याला आधार आहे. शटलर भाऊंची गप्पा मारताना बसणारी सर्व्ह म्हणजे हा दुसरा प्रकार आहे, तिथे लक्ष पट्टीवर नव्हतंच, हॉल बंद आहे का यावर होतं. मॅडम ज्याला एक्स्टर्नल म्हणतात ते आणि हे वेगळं. वुल्फबाईंच्या बाजूचे लोक याच मुद्द्यावर बेलॉकचा प्रयोग बाजूला ठेवतात, की तुम्ही भलतीकडे लक्ष नेलंत, चेंडूच्या परिणामाकडे नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या १९९९ च्या गोल्फच्या प्रयोगात अगदी नवशिक्यांनासुद्धा हात झुलवण्यापेक्षा काठी झुलवण्याकडे लक्ष दिल्याने फायदाच झाला होता. त्यामुळे नवशिक्यांचा निकाल अजून लागलेला नाही असं माझं मत.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२१ मध्ये वुल्फ आणि सहकाऱ्यांनी सगळे प्रयोग एकत्र करून मोठं विश्लेषण छापलं, निष्कर्ष एक्स्टर्नल सरस. २०२४ मध्ये मॅके आणि मंडळींनी त्याच मासिकात तोच ढीग पुन्हा तपासला आणि म्हणाले की बाबा, ज्या प्रयोगात फरक सापडला ते छापले गेले, ज्यात नाही सापडला ते ड्रॉवरमध्ये पडले, त्याचा हिशोब धरला तर फायदा पुष्कळ आटतो, जवळजवळ शून्यापर्यंत येऊ शकतो. बरेच प्रयोग वीस-तीस कॉलेजच्या पोरांवर झालेले असतात हेही लक्षात घ्या. मी एक्स्टर्नल खोटं आहे असं म्हणत नाही, मी स्वतः टीटी खेळतो आणि टेबलच्या कोपऱ्याकडेच बघतो. फक्त "सिद्ध झालंय" असं छातीठोक म्हणू नये एवढंच.

पीटी_वाल्या_मॅडम

मॅकेचा मुद्दा मान्य, तो विचार करायला लावणारा आहे. पण शिक्षक म्हणून माझं गणित साधं आहे. पट्टीकडे बघा सांगायला पैसे पडत नाहीत, त्याने कोणाचं नुकसान झाल्याचं सहसा दिसत नाही, आणि वर्गात साठ मुलं असताना प्रत्येकाचा गुडघा बघत बसणं शक्यही नाही. लांब उडीला मी जमिनीवर चुन्याची रेघ मारते आणि म्हणते तिच्या पलीकडे जा. गुडघे जोरात सरळ करा म्हणण्यापेक्षा तेवढ्याने पोरं लांब जातात, आणि उभ्याने मारायच्या लांब उडीवर २०१० मध्ये हेच तपासून झालेलं आहे.

त्रिमूर्तीनगरचा_शटलर

बाप्पा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आज करून पाहिलं. पट्टीकडे लक्ष ठेवलं तं सर्व्ह खाली आली, पण मधेच मनगट ढिलं पडायला लागलं अन् शटल भलतीकडे, कोच ओरडला. म्हणजे मनगट विसरलो की मनगट खरंच विसरते. आता?

जामठा_एंड

भाऊ, मी क्रिकेटची पोरं पाहतो, अंडर फोर्टीन. तुमचा प्रॉब्लेम आम्हाला रोजचा. पोरगा आउटस्विंग टाकायला शिकून राहिला अन् त्याला म्हटलं मनगट मागे ठेव, तं मनगट मागे राहते अन् बॉल पिचच्या बाहेर. मनगट सोडून दे म्हटलं तं सीम लडबडते. मग मी मनगटाचं काम सीमला देऊन टाकतो. सीम पहिल्या स्लिपकडे तोंड करून उभी जाताना दिसली पाहिजे, बस. सीम उभी गेली याचा अर्थच मनगट मागे होतं, मला वेगळं पाहायची गरज नाही, पोराला तं नाहीच. एका पोराला अर्धा लाल अर्धा पांढरा बॉल दिला, हातातून सुटताना रंग मिसळले का वेगळे राहिले हे त्यालाच दिसते, आता तो माझ्याकडे पाहतपण नाही, स्वतःच "सर, हा लडबडला" म्हणते.

तुमच्या केसमध्ये मनगट लॉक पाहिजे ते कशासाठी, तं रॅकेटचं तोंड फिरू नये म्हणून. मग रॅकेटच्या तोंडाकडे लक्ष द्या ना. सर्व्ह झाल्यावर रॅकेटचं तोंड जिथे शटल पाठवलं तिकडेच पाहत थांबलं पाहिजे, टीकडे तं टीकडे. कोच पोराला सांगा की मनगटाबद्दल ओरडू नको, रॅकेटचं तोंड कुठे थांबलं ते सांग.

धंतोलीची_फिजिओ

हे एकदम करेक्ट. आणि किती लांब बघायचं याचाही प्रश्न आहे. डुगडुगत्या फळीवरच २००३ मध्ये पाहिलं होतं, पायाजवळच्या खुणेपेक्षा लांबच्या खुणेकडे लक्ष असलेल्यांचा तोल चांगला राहिला. पण काम कठीण असेल, हात बसलेला नसेल, तर मला वाटतं आधी जवळचं घ्यावं, म्हणजे रॅकेटचं तोंड, आणि ते आपोआप व्हायला लागलं की मग पट्टी. दोन्ही एकदम नको. गर्दी झाली की लक्ष परत मनगटावर येऊन बसतं.

फुटाळा_रनर

मी धावणारा आहे, एक भर घालतो. २००९ मध्ये जर्मनीत सराव केलेल्या धावपटूंना ट्रेडमिलवर पळवलं अन् ऑक्सिजन मोजला. श्वासाकडे लक्ष, पायांच्या हालचालीकडे लक्ष, अन् समोर स्क्रीनवरच्या रस्त्याकडे लक्ष. वेग तोच. ऑक्सिजन सगळ्यात कमी लागला तो रस्त्याकडे पाहताना. तेव्हापासून मी फुटाळ्यावर श्वास मोजणं बंद केलं. तसंही तिथे संध्याकाळी श्वासापेक्षा भुट्ट्याकडेच लक्ष जाते.

त्रिमूर्तीनगरचा_शटलर

रॅकेटचं तोंड, मस्त! अजून एक. पुढच्या महिन्यात ऑफिसेसची टूर्नामेंट आहे. प्रॅक्टिसमध्ये जमलं तरी १९-ऑलला, म्हणजे दोघांचे १९-१९ झाल्यावर सर्व्ह माझ्याकडे आली की हाताला घाम सुटते अन् परत मनगट आठवते. त्याचं काय करायचं?

आकडेमोड

यावर मात्र मी थोडा उदार आहे. १९९२ मध्ये मास्टर्सने गोल्फच्या पटिंगवर दाखवलं होतं की ज्यांना सगळे नियम शिकवले ते टेन्शन दिल्यावर अडकले, आणि ज्यांना काहीच नियम न देता, वरून सराव करतानाच उलटसुलट अक्षरं बोलायला लावून शिकू दिलं, ते टेन्शनमध्येही सुधारत राहिले. म्हणजे टेन्शन आलं की माणूस माहीत असलेले नियम उकरून काढतो आणि एक एक करून पाळायला जातो. कोचने तुम्हाला पाच नियम दिले, ते आता डोक्यातून जाणार नाहीत, पण त्या वेळी डोक्याला एकच काम द्यायचं हे करता येतं.

आणि एक मजेशीर प्रकार. २०१३ मध्ये जर्मनीत फुटबॉलची पेनल्टी, तायक्वांदो आणि चक्क बॅडमिंटनची सर्व्हिस, तिन्हींवर करून पाहिलं. उजव्या हाताच्या खेळाडूंनी दडपणाच्या आधी थोडा वेळ डाव्या मुठीत मऊ बॉल दाबला, ते उजव्या मुठीत दाबणाऱ्यांपेक्षा कमी घसरले. त्यांचं म्हणणं असं की त्याने मेंदूचा शब्दांत बोलणारा, सूचना देणारा भाग जरा शांत होतो. खेळाडू थोडेच होते त्यामुळे माझी वरची शंका इथेही लागू, पण फुकटचं आहे, करून बघा. डाव्या हातात शटल असतंच, ते मात्र दाबू नका.

महालचे_तबलजी

कार्यक्रमाच्या आधी आमच्यातले कित्येक जण हातात काहीतरी चिवडत बसतात, त्याला आता शास्त्र मिळालं म्हणायचं.

जामठा_एंड

१९-ऑलला एक आणखी. सर्व्हच्या आधी दरवेळी तेच करा, बॉलर मार्कवर जाऊन जसा करतो तसं. शटलची पिसं पहा, टीकडे पहा, श्वास सोडा, टाका. मधे अंतर ठेवू नका, समोरचे काका मुद्दाम लेट रेडी होतात तेव्हाच माणूस मनगटाकडे जातो. त्यांनी उशीर केला तं रॅकेट खाली घ्या अन् पहिल्यापासून सुरू करा.

त्रिमूर्तीनगरचा_शटलर

काका हेच करतात! हात वर करून थांबवतात अन् बुटाची लेस बांधतात. बांधलेली असते तरी बांधतात.

बरं, फ्लिक सर्व्हला, म्हणजे शॉर्टची तयारी दाखवून अचानक उंच मागे टाकतात त्या सर्व्हला काय करू? काका पुढे झुकून उभे असतात तेव्हा फ्लिक टाकायची असते पण मी टाकायच्या आधी काकांकडेच पाहून राहतो, त्यांना कळते.

पीटी_वाल्या_मॅडम

फ्लिकला लक्ष्य काका नाहीत, त्यांच्या मागची रेघ आहे. डबल्समध्ये सर्व्हची मागची रेघ बेसलाइनच्या ७६ सेंटीमीटर अलीकडे असते, ती एकदा चालत जाऊन बघून या म्हणजे जागा डोक्यात बसेल. डोळे मात्र शॉर्ट सर्व्हला जिथे असतात तिथेच, पट्टीवर राहू द्या. लक्ष मागच्या रेघेवर, डोळे पट्टीवर, हे जमतं, थोडे दिवस जातात. रॅकेटची तयारी शेवटपर्यंत शॉर्टचीच दिसली पाहिजे, आणि शटल काकांच्या रॅकेटच्या वरून गेलं पाहिजे, नाहीतर ते तिथूनच ठेवून देतील.

जामठा_एंड

अन् पहिली फ्लिक काका लेस बांधून उठल्या उठल्या टाका.